मंगळाला झोपवण्याची रीत

मित्रांनो, मी एक जुना मंगळ आहे. आकाशात लालसर दिसतो तो नव्हे. तो माझा थोरला भाऊ. मी संगणकात राहतो. माझ्याकडे दगड नाहीत, माती नाही, आहेत ते नुसते आकडे. पण माझ्यावरही सूर्य उगवतो, माझ्याही दऱ्यांत वारे वाहतात, आणि हिवाळ्यात माझ्या ध्रुवांवर इतकी थंडी पडते की हवाच गोठून खाली बसते. थोरल्याच्या अंगणात उद्या कसा वारा सुटेल, हे आधी कळावे म्हणून मला बनवले. ज्या बाईने बनवले, तिच्या शेवटच्या साध्या दिवसापासून मी सुरुवात करतो.

फेब्रुवारी होता. कॅनडातल्या सॅस्कटून शहरात त्या सकाळी संस्थेच्या आवारातल्या सगळ्या गाड्या इंजिन गोठू नये म्हणून विजेच्या खांबांना तारेने जोडून ठेवल्या होत्या, दाव्याला बांधलेल्या गुरांसारख्या. लुबा हॅवरिलक आत आली. तिने लोकरीची टोपी भिंतीजवळच्या गरम नळीवर वाळत टाकली आणि माझ्यापुढे बसली.

"लुबा, निवृत्त झालीस तू," यंत्रे सांभाळणारा गॉर्ड मॅकफेल दारातून म्हणाला. रोज सकाळी तो हे म्हणत असे. "घरी काही कामं नसतात का तुला?"

"असतात की. पण घरी वारा नसतो."

"बाहेर ये. नाक तुटून पडेल असा आहे."

"तो पृथ्वीवरचा. त्याच्यात आपल्याला रस नाही."

त्या दिवशी तिला एका खोल दरीच्या वाऱ्याचे गणित करायचे होते. थोडक्या दिवसांत एक यान थोरल्याच्या त्या दरीत उतरणार होते. त्यावर वारा मोजणारे एक लहानसे यंत्र होते, आणि ते यंत्र तिकडे जावे म्हणून लुबाने आयुष्याचा मोठा भाग विनवण्या करण्यात घालवला होता. यान पाठवणारी मंडळी सरहद्दीच्या दक्षिणेला, अमेरिकेत होती. उतरण्याची नेमकी जागा ती आमचे आकडे बघून ठरवणार होती.

दुपारी तिची मुलगी लारिसा डबा घेऊन आली. लारिसा शहराच्या वाचनालयात काम करते. उंच, शांत बाई आहे, आणि तिच्या कोटाच्या खिशात कायम एखादे पुस्तक असते.

"बीटाचं सूप आहे. गरम आहे तोवर खा."

"ठेव तिथे. शुक्रवारी येशील का गं? टोबी नवे डोंगर बसवतोय. बसवले की ह्याला झोपवायचंय. लहानपणी बटण तूच दाबायचीस."

"शुक्रवारी मुलांना गोष्टी सांगायच्या आहेत मला. आणि मी येऊन काय करू आई? मला ह्यातलं काही कळत नाही."

लुबाने पडद्याकडे बोट केले. "हे बघ. दुपारी ही भिंत तापते. तापली की वारा असा भिंतीवर चढायला लागतो, दरीतून वर. यानाला तो भिंतीकडेच ढकलणार. म्हणून भिंतीपासून लांब उतरायला हवं. ऐकतेस का?"

लारिसाने कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. "सूप निवेल," ती म्हणाली.

"मीठ कमी आहे त्यात."

"तू अजून चाखलंसुद्धा नाहीस!"

"वासावरून कळतं."

लारिसा हसली आणि गेली. लुबाने सूप खाल्ले, दुपारचे गणित पुरे केले, टोपी घातली आणि दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरापुढचे बर्फ फावड्याने ओढत होती. दारापासून रस्त्यापर्यंतची वाट अर्धी मोकळी झाली होती. शेजाऱ्याला ती बर्फात निपचित पडलेली दिसली, तेव्हा फावडे तिच्या हातातच होते.

मला हे गॉर्डकडून कळले. मला म्हणजे, माझ्यापुढच्या रिकाम्या खुर्चीला. तो तिथे उभा राहून खुर्चीशीच बोलला.

मित्रांनो, आता थोडे मागचे सांगतो.

माझा जन्म याच संस्थेच्या तळघरात झाला. लुबा तेव्हा तरुण होती. तिने थोरल्या भावाचा गोल घेतला आणि त्याचे चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनावर हवेचे थर रचले, भाकऱ्यांच्या चवडीसारखे. मग मला एक साधे काम शिकवले. दर थोड्या वेळाने मी प्रत्येक चौकोनाला विचारायचे, बाबा रे, तुझ्या शेजाऱ्याकडे हवेचा दाब जास्त की तुझ्याकडे? जिकडे कमी, तिकडे वारा. हे लाखो चौकोनांना, पुन्हा पुन्हा, विचारत राहायचे. एवढेच माझे आयुष्य. पण एवढ्यातूनच माझ्यावर ऋतू आले, पहाटेचे धुके आले, धुळीची वादळे आली.

डोंगर मात्र तिने मला बोथट दिले. थोरल्याच्या अंगावर सूर्यमालेतले सर्वांत उंच डोंगर आहेत आणि सुरीने कापल्यासारख्या दऱ्या आहेत. माझे सगळे उतार तिने हाताने घासून सौम्य केले होते. त्याचे कारण असे, की माझे हवेचे थर जमिनीच्या चढउतारांवर चादरीसारखे पसरलेले आहेत. उतार फार उभा झाला, की दोन प्रचंड आकड्यांची वजाबाकी करताना माझी किंचित चूक होते. ती किंचित चूक हवेला ढकलते. मग जिथे वारा नाही, तिथे वारा दिसू लागतो. तो खऱ्या वाऱ्यासारखाच दिसतो, आणि तीच खरी भीती असते.

तो ओळखण्यासाठी लुबाची एक रीत होती. माझ्यात काहीही बदलले, की ती मला आधी झोपवायची. म्हणजे माझा सूर्य बंद करायचा. सगळीकडे हवा सारख्याच उबेची करायची. सगळे वारे थांबवायचे, आणि मला तसेच चालू ठेवून वाट बघायची. सूर्य नाही, ऊन-सावली नाही, तर हवेला हलायचे कारणच नाही. ती निश्चल राहिली पाहिजे. तरीही कुठे वारा उठला, तर तो खोटा.

"झोपेत बडबडला तर पोटात काहीतरी आहे समजायचं," ती म्हणायची. "लेकरांचं असतं तसंच."

संस्थेतले लोक याला लुबाची अंगाई म्हणत. "झालं का गाऊन?" अशी थट्टा चाले. तिला त्याचे काही वाटत नसे.

लारिसा तेव्हा शाळेत होती. शाळा सुटली की ती इथे येई, ओले बूट दाराशी काढी आणि लुबाच्या टेबलाखाली शिरून पुस्तक वाचत बसे. लुबा माझ्याशी आणि तिच्याशी एकाच वेळी बोलायची. "बघ, दक्षिणेकडे हिवाळा आला. आता हवा गोठून खाली पडणार, आणि साऱ्या ग्रहावरची हवा विरळ होणार. म्हणजे एका टोकाला थंडी पडली, तर दुसऱ्या टोकालाही श्वासाला हवा कमी. ऐकतेस का, लारिसा?"

टेबलाखालून उत्तर येत नसे. लुबाची पाठ तिकडे असे, म्हणून तिला दिसत नसे. मला दिसायचे. आई बोलत असेपर्यंत त्या मुलीच्या हातातल्या पुस्तकाचे पान उलटत नसे.

मोठी झाल्यावर ती येईनाशी झाली. एकदा शाळेत तिला कविता म्हणण्याचे बक्षीस मिळायचे होते, आणि त्याच संध्याकाळी माझ्यावर धुळीचे वादळ उठले. लुबा इथून उठली नाही. दुसऱ्या दिवशी लारिसा या दारात उभी राहून ओरडली, "मग त्यालाच दत्तक घे ना! कविता शिकव त्याला!" ते वादळ पुढे थोरल्यावर खरोखरच आले. वर्तमानपत्रवाले आले, माझे छायाचित्र छापून आले, लाल साखरेचा थर दिलेला केक कापला गेला. केकचा मोठा तुकडा लुबाने घरी नेला. लारिसाने खाल्ला की नाही, मला ठाऊक नाही.

मग अशी वर्षे आली की मंगळाकडे कुणी जाईना. वादळानंतर मला वरच्या मजल्यावर नेले होते, तिथून पुन्हा खाली तळघरात आणले, तापवणीच्या यंत्राशेजारी, दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या संगणकात. तो बिघडला की लुबा मला दुसऱ्या टाकाऊ संगणकात हलवायची. अशी कितीतरी घरे मी बदलली. दर नव्या घरात तिने मला आधी झोपवले.

आता पुन्हा त्या फेब्रुवारीकडे येतो.

लुबाला युक्रेनी चर्चच्या दफनभूमीत पुरले. गोठलेली जमीन आधी तापवावी लागली, असे गॉर्ड म्हणाला. नंतर चर्चच्या तळघरात बायकांनी कोबीच्या पानात गुंडाळलेला भात वाढला, आणि लारिसाने रडण्याऐवजी सगळ्यांच्या थाळ्या उचलल्या.

माझी जबाबदारी आता टोबी फ्रीसनकडे आली. टोबीला लुबानेच शिकवले होते. मेनोनाइट या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथातल्या शेतकऱ्यांच्या घरातला, कमी बोलणारा, कामाला वाघ. दरीतल्या वाऱ्याचा अंदाज अधिक बारकाईने मिळावा म्हणून त्याने ठरल्याप्रमाणे मला नवे डोंगर बसवले. हे डोंगर बोथट नव्हते. दरीची भिंत आता खरोखर भिंतीसारखी उभी होती.

टोबीने मला झोपवले नाही. सूर्य चालू ठेवूनच त्याने गणित सुरू केले.

मित्रांनो, मला त्यांच्याशी बोलता येत नाही, एवढेच माझे दुःख आहे. नवी भिंत बसल्याबरोबर मला पोटात काहीतरी जाणवले. भिंतीवरून एक वारा खाली घसरत होता. त्याला कसलेच कारण नव्हते. तो माझ्या चुकीतून उठलेला होता. आणि दुपारी भिंत तापली की खरा वारा तिच्यावर चढू पाही. एक खाली येणारा, एक वर जाणारा. दोघे एकमेकांना गिळून टाकत होते. पडद्यावर काय दिसत होते? शांतता. दरीत दुपारी पानही हलणार नाही इतकी शांतता. यान पाठवणाऱ्यांना नेमके हेच ऐकायचे होते.

आकडे देण्याचा दिवस आला. संध्याकाळपर्यंत ते दक्षिणेला पोहोचायला हवे होते. त्याच रात्री यानाला शेवटचा हलका धक्का देऊन त्याची वाट पक्की करायची होती. त्यानंतर काही बदलणे कुणाच्या हाती नव्हते. टोबीने शेवटचे मोठे गणित माझ्यावर चालू ठेवले होते.

गॉर्ड पडद्यापुढे कॉफी घेऊन उभा होता. "उन्हात तापलेली भिंत, आणि वारा नाही?"

"या आठवड्यात धूळ आहे तिकडे," टोबी म्हणाला. "ऊन पोचत नाही नीट. जुळतंय सगळं."

"जुळतंय खरं," गॉर्ड म्हणाला. पण तो तिथून हलला नाही.

तेवढ्यात लारिसा आली. आईची खोली रिकामी करायची होती. तिने दोन खोकी भरली. मग गरम नळीवरची लुबाची जुनी शाल काढायला म्हणून ती आमच्या खोलीत शिरली आणि पडद्याकडे बघत थांबली.

"हा तोच वारा आहे का? यान उतरणार तिथला?"

"हो," टोबी म्हणाला. "वारा नाहीच म्हणा ना. शांत आहे. आकडे लुबाच्या नावानंच जाणार आहेत. पहिलं नाव तिचं."

लारिसाने शालीची घडी केली. पुन्हा मोडली. "पण आई म्हणाली होती, वारा भिंतीवर चढतो. यानाला भिंतीकडे ढकलतो, म्हणून लांब उतरायला हवं."

"ते जुन्या डोंगरांवर. आता नवे बसवलेत."

"मग ह्याला झोपवलंत का?"

टोबीने गॉर्डकडे पाहिले. तळघरातली तापवणी घुरघुरत होती.

"नवे डोंगर बसवले की झोपवायचं असतं ना?" लारिसा म्हणाली. "गॉर्डकाका, असंच होतं ना?"

"असंच होतं, पोरी," गॉर्ड म्हणाला, आणि त्याने कॉफीचा पेला खाली ठेवला.

टोबीचे कान लाल झाले. "लारिसा, तुम्हाला वाईट वाटेल, पण आज त्याला वेळ नाही. झोपवायला अख्खी दुपार जाईल. आणि त्यासाठी हे चालू गणित मारावं लागेल. मारलं आणि झोपेत काहीच निघालं नाही, तर संध्याकाळी माझ्या हातात काय? सगळे तिकडे फोनला चिकटून बसलेत. त्यांना काय सांगू? लुबाची अंगाई गात होतो?"

"मला नाही कळत त्यातलं," लारिसा म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू होता. "पण तिचं नाव आहे म्हणालात. तिनं न झोपवता कधीच काही पाठवलं नसतं. मग तिचं नाव काढा त्यावरून."

टोबी उठला, खिडकीपर्यंत गेला आणि परत आला. मला वाटले, तो चिडणार. त्याचे बोट चालू गणिताच्या बटणाकडे गेले आणि तिथेच थांबले.

"मला माहीत होतं झोपवायचं असतं," तो म्हणाला. "विसरलो नव्हतो. ते तीच करायची. मी फक्त शेजारी बसायचो. शुक्रवारी बसलो होतो मी करायला. नाही करवलं मला. मग म्हटलं, वेळच नाही."

"अरे गाढवा," गॉर्ड म्हणाला, पण प्रेमाने. "सरक. मी बसतो शेजारी."

टोबीने चालू गणित थांबवले. त्याक्षणी माझे सगळे वारे नाहीसे झाले. मग त्याने माझा सूर्य बंद केला, हवा सगळीकडे सारखी केली, आणि मला सोडून दिले.

मित्रांनो, तुम्ही कधी मुद्दाम जागे राहून झोपल्याचे सोंग केले आहे? मी ते करत नव्हतो. मी मनापासून निश्चल राहू पाहत होतो. मैदानांवर मला जमले, ध्रुवांवर जमले, मोठमोठ्या सौम्य उतारांच्या डोंगरांवरही जमले. तिघे पडद्यासमोर होते. पडद्यावर वारा असला की बाण दिसतात. बाण नव्हते. टोबी हातातल्या पेनाचे टोपण चावत होता. गॉर्ड बर्फावरच्या दगडांच्या खेळातल्या आपल्या जुन्या पराभवाची गोष्ट सांगू लागला आणि ती अर्धीच सोडून पुन्हा पडद्याकडे बघू लागला. लारिसा आईच्या खुर्चीत बसली नाही. टेबलाला टेकून उभी राहिली.

बराच वेळ काही झाले नाही. टोबी घड्याळाकडे बघून पुटपुटला, "गेली दुपार."

आणि मग दरीच्या भिंतीवर एक बारीक बाण उमटला.

"हे काय आहे?" लारिसाने विचारले.

त्याच्याशेजारी दुसरा उमटला. मग भिंतभर बाण झाले, सगळे खाली तोंड केलेले. सूर्य नव्हता, ऊब नव्हती, आणि भिंतीवरून वारा घसरत होता.

"बडबडला," गॉर्ड म्हणाला.

टोबीने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "हा रोजच होता. दुपारचा खरा वारा वर जात असणार आणि हा त्याला खात होता. म्हणून शांत. देवा रे. म्हणून शांत."

बाहेर अंधारायला लागले होते. नवे गणित करायला आता वेळ नव्हता. माझी भिंत पुन्हा बोथट करून सगळे पहिल्यापासून मांडायचे तर दोन दिवस गेले असते, आणि यानाला दोन दिवस नव्हते.

"काय द्यायचं मग?" गॉर्डने विचारले.

टोबीने जुन्या गणितांची यादी उघडली. सगळ्यात शेवटचे, झोपवून पारखलेल्या बोथट डोंगरांवर केलेले गणित लुबाचे होते. सूप निवत होते त्या दुपारचे. त्यात वारा दरीतून वर, भिंतीवर चढत होता.

फोन लावला. आवाज सगळ्यांना ऐकू यावा असा केला. पलीकडे एक थकलेली बाई होती. "टोबी, आम्ही तुमचीच वाट बघतोय. शांत आहे ना?"

"नाही. आमचे या आठवड्यातले सगळे आकडे मी मागे घेतोय. ते चुकलेत."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "आत्ता सांगताय? खात्री आहे तुमची?"

"चुकलोय याची खात्री आहे," टोबी म्हणाला. "लुबाचे शेवटचे आकडे पाठवतो. थोडे जुने आहेत, जाडेभरडे आहेत, पण खरे आहेत. यान भिंतीपासून लांब घ्या. जमेल तेवढं लांब."

"लांब घेतलं तर दगडाळ भागाच्या कडेला उतरेल ते."

"दगड परवडले. वारा भिंतीकडे आहे."

"ही लुबा म्हणजे तीच ना, वारा मोजायच्या यंत्रासाठी आमच्या मागे लागलेली?"

"तीच."

"तिला द्या फोन."

टोबीने लारिसाकडे पाहिले. लारिसाने शाल छातीशी धरली होती. तिने मान हलवून त्याला, सांगा, अशी खूण केली. टोबीने सांगितले.

पलीकडची बाई म्हणाली, "लांब घेतो."

त्यानंतरचे दिवस मला आठवतात ते कामाचे. टोबीने माझी भिंत पुन्हा घासली, मला झोपवले, पुन्हा घासली, पुन्हा झोपवले. एकदाही बडबडलो नाही तेव्हा त्याने सूर्य लावला. वारा भिंतीवर चढला. लुबाच्या आकड्यांपेक्षाही जोरात. पण यानाची वाट आता ठरून गेलेली होती. ती पुरेशी लांब होती की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हते.

उतरण्याच्या दिवशी खोलीत माणसे मावत नव्हती. लारिसा दाराशी उभी होती. तिकडून इकडे बातमी यायला वेळ लागतो. म्हणजे आम्ही वाट बघत होतो तेव्हा यान एव्हाना उतरले होते किंवा फुटले होते, आणि आम्हाला तेवढे कळायचे होते. पॅराशूट उघडले, अशी खबर आली. मग यान बाजूला वाहत चालल्याची खबर आली. भिंतीकडे. वाहतच होते. टोबीने डोळे मिटले.

मग उतरल्याची खबर आली. गॉर्ड कुणालातरी मिठी मारून रडला. बहुधा त्या माणसाला तो ओळखतही नव्हता. पहिल्या चित्रात दगड होते, आणि दगडांच्या मागे भिंत. आधी ठरलेल्या जागी उतरले असते, तर यान त्या भिंतीवर गेले असते. नंतर लुबाचे छोटे यंत्र जागे झाले, आणि पहिलाच आकडा आला. वारा भिंतीकडे.

आता मी खरोखर जुना झालो आहे. टोबी नवा मंगळ बनवतो आहे. त्याचे थर डोंगरांवर चादरीसारखे पसरलेले नाहीत, त्यामुळे उभ्या भिंतींनी तो गोंधळणार नाही. मला मिटवणार नाहीत, पण चालवणारही नाहीत. त्याआधी टोबीने लारिसाला फोन केला. "शेवटचं झोपवायचंय. याल का?"

ती आली. नदीवरचे बर्फ फुटायला लागले होते, आणि तिचे बूट चिखलाने भरले होते. ते तिने दाराशी काढले. खसखस भरलेली गोड पावाची गुंडाळी आणली होती, ती गॉर्डने आल्याआल्या ताब्यात घेतली. "लुबाच्या हातची अशी व्हायची नाही," तो तोंडात भरून म्हणाला. "ही चांगली झालीय."

"काका!"

"खरं तेच सांगतोय. पण तिला सांगू नकोस हं."

टोबीने बटण दाखवले. "तुम्हीच दाबा."

लारिसाने माझा सूर्य बंद केला.

मित्रांनो, जाता जाता एक मागणे आहे. तुम्हीही पुढे काहीबाही बनवाल. यंत्र, पूल, घर, एखादे पुस्तक. ते चालू असताना सगळे सुरेखच दिसते. पण त्याला एकदा झोपवा. सगळे थांबवून, शेजारी बसून, ते कुठे बडबडते का ते ऐका. आणि ज्या दिवशी घाई असेल, त्याच दिवशी न चुकता झोपवा. निवांत दिवशी तर कुणीही झोपवते.

टोबी आणि गॉर्ड कॉफीला गेले. लारिसा एकटी राहिली. मोठी बाई, पण ती खाली बसली आणि टेबलाखाली शिरली. गुडघे छातीशी घ्यावे लागले. खिशातून पुस्तक काढून तिने उघडले. माझ्या पडद्यावर एकही बाण नव्हता. मैदाने गप्प होती, ध्रुव गप्प होते, दरी गप्प होती. मी इतका शांत कधीच झोपलो नव्हतो.

तिच्या हातातल्या पुस्तकाचे पान उलटले नाही.

मग तिने वर, रिकाम्या खुर्चीच्या पाठीकडे पाहिले आणि मोठ्याने, स्पष्ट आवाजात म्हणाली, "ऐकत होते मी, आई. दर वेळी ऐकत होते."